माजलगावहून इलुलिसातला: हिमनग बघायला जाणाऱ्यांसाठी

माजलगावच्या माणसाला हिमनग समजावून सांगायचा तर धरणाच्या हिशेबात सांगावा लागतो. सिंदफणेवरचं आपलं धरण मृतसाठ्यासकट काठोकाठ भरलं, तर त्यात ४५४ दलघमी पाणी मावतं. ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसात नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारच्या खाडीत सेर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी वर्षाला सुमारे ३५ घनकिलोमीटर बर्फ तोडून टाकते, अशी युनेस्कोची नोंद आहे. त्या बर्फाचं पाणी करून पाहिलं तर ते ३२ हजार दलघमीच्या आसपास जातं. म्हणजे आपलं धरण तळापासून काठापर्यंत भरायला या एका हिमनदीला पाच-सव्वापाच दिवस पुरतात. वर्षाचा सगळा बर्फ धरला तर पैठणचा नाथसागर अकरा वेळा भरेल.

हा हिशेब मी निघण्याआधी वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. तिथे पोचल्यावर त्याचा अर्थ कळला. गावात उभं राहून समोर बघितलं की जे पांढरे डोंगर तरंगताना दिसतात, ते सगळं गोडं पाणी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिनं सुमारे ५ लाख लिटर पाणी आणलं होतं. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि आठ मीटर उंच एवढा बर्फाचा ठोकळा घेतला, की जवळजवळ तेवढं पाणी होतं. इलुलिसातच्या बंदरात एवढ्या तुकड्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागातली मुलं-मुली नोकरीला युरोपात गेली आहेत. त्यांच्याकडे जाणारे आईवडील आता पॅरिस-स्वित्झर्लंड करून आलेले असतात, आणि पुढच्या खेपेला वेगळं काय बघावं असं विचारतात. आम्ही नवरा-बायको साठीच्या पुढचे. आम्ही ही सहल कशी केली, कुठे चुकलो आणि तुम्ही काय करावं, ते सांगतो.

सगळ्यात आधी दिवसांचं बोलू, कारण लोक तिथेच चुकतात. इलुलिसातला कमीत कमी चार रात्री राहा, जमलं तर पाच. त्याच दिवसांत आणखी तीन ठिकाणं कोंबू नका. ग्रीनलँडमध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ताच नाही. जायचं ते विमानानं किंवा बोटीनं, आणि दोन्ही हवेच्या मर्जीवर. धुकं आलं की विमान थांबतं, वारा सुटला की बोट थांबते. तिथल्या भाषेत, कलाल्लिसुतमध्ये, ‘इम्माका’ असा शब्द आहे. अर्थ ‘कदाचित’. उद्या बोट जाणार का? इम्माका. कोरडवाहू शेती केलेल्या माणसाला हे उत्तर परकं वाटणार नाही. मृगाच्या भरवशावर आपण ज्या मनानं बियाणं आणून ठेवतो, त्याच मनानं ही सहल आखायची. येतानाचं कोपनहेगन-मुंबई तिकीट ग्रीनलँडहून परतण्याच्या दिवशीचं काढू नका, मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. आमचा जातानाचा एक पूर्ण दिवस धुक्यानं खाल्ला. पुढे राखीव दिवस होता म्हणून निभावलं. आमच्याबरोबर विमानतळावर बसलेल्या एका कुटुंबाकडे दोनच रात्री होत्या. त्यातली एक तिथेच संपली.

कागदपत्रांत एक मोठी मेख आहे. ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यात असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात, नाही, आणि १९८५ पासून ते युरोपीय समुदायाबाहेर आहे. त्यामुळे नुसता शेंगेन व्हिसा चालत नाही. व्हिसावर तो ग्रीनलँडसाठी वैध असल्याची वेगळी नोंद लागते. अर्ज डेन्मार्ककडेच करायचा, आणि त्यात ग्रीनलँडचा प्रवास, तारखा, राहण्याची जागा हे सगळं स्पष्ट दाखवायचं. दुसरी गोष्ट, कोपनहेगनहून ग्रीनलँडला गेलात म्हणजे तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात, आणि परत आलात म्हणजे पुन्हा आत शिरलात. म्हणून शेंगेन व्हिसा एका प्रवेशाचा असून भागत नाही. किमान दोन प्रवेशांचा मागा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत तीन महिने तरी शिल्लक हवी. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाचं संरक्षण किमान ३० हजार युरो असावं लागतं. मी त्याहून मोठी रक्कम घ्या म्हणेन, आणि पॉलिसीत ग्रीनलँडचं नाव आहे का, आजारी माणसाला विमानानं हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे स्वतः वाचून बघा. एजंट ‘सगळं आहे’ म्हणतो, तेवढ्यावर विसंबू नका.

मार्ग असा: माजलगावहून कल्याणच्या हमरस्त्यानं मुंबई, मुंबईहून कोपनहेगन, तिथून ग्रीनलँडची राजधानी नूक, आणि नूकहून पंखेवाल्या छोट्या विमानानं इलुलिसात. पूर्वी कांगरलुसुआकला उतरून विमान बदलावं लागे. २८ नोव्हेंबर २०२४ ला नूकची नवी लांब धावपट्टी सुरू झाली आणि तो वळसा गेला. इलुलिसातलाही मोठ्या धावपट्टीचं काम हाती घेतलेलं आहे, म्हणून तिकीट काढताना त्या महिन्याचा मार्ग नव्यानं बघा. उन्हाळ्यात आइसलँडमधूनही विमानं असतात. मुलं युरोपात असतील तर तिकिटं त्यांच्याकडून काढून घेणं सोपं पडतं, पण मुंबईपासूनचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर एखादं विमान चुकल्यावर पुढची जबाबदारी कंपनीवर राहते. सुटी सुटी तिकिटं स्वस्त दिसतात, पण धुक्याच्या दिवशी महाग पडतात. खर्च माणशी काही लाखांत जातो, हे घरात आधीच मोकळेपणानं बोलून घ्या. गावात राहायच्या जागा थोड्या आहेत आणि उन्हाळ्यासाठी त्या कित्येक महिने आधी भरतात. आधी खोली, मग तिकीट.

कधी जावं? इलुलिसात उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. मेच्या वीस तारखेच्या सुमारापासून जुलैच्या चोवीस तारखेपर्यंत तिथे सूर्य मावळत नाही, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही. १३ जानेवारीला तो पुन्हा डोकावतो, तेव्हा गावकरी टेकडीवर जमून त्याचं स्वागत करतात. फेब्रुवारी ते एप्रिल कुत्र्यांच्या घसरगाड्यांचे दिवस, पण उणे १५-२० अंशांची थंडी पहिल्या खेपेला घेऊ नये. पहिल्यांदा जाणाऱ्यानं जुलै किंवा ऑगस्ट धरावा. तापमान ५ ते १० अंशांत असतं, बोटी रोज निघतात, खाडीबाहेर देवमासे येतात. ऑगस्टच्या अखेरीस रात्र परत येते आणि आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसू लागतो. ज्यांना न मावळणारा सूर्य बघायचा आहे त्यांनी २४ जुलैच्या आत जावं. बाकीच्यांना मी ऑगस्टचा उत्तरार्ध सुचवीन, कारण एक गोष्ट कुणी सांगत नाही: जून-जुलैत तिथे डास असतात. बर्फाच्या गावात डास, हे खरं वाटत नाही, पण पायवाटेवर ते तोंडाभोवती घोंगावतात. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी सोबत न्या.

आम्ही जुलैत गेलो, आणि पहिल्याच संध्याकाळी आमच्या हिला प्रश्न पडला की दिवेलागण कधी समजायची. घरी तुळशीपाशी दिवा लावायची तिची वेळ सूर्यावर ठरते. तिथे रात्री अकरा वाजता ऊन खिडकीत होतं. आम्ही भारतातली वेळ धरली. उन्हाळ्यात ग्रीनलँड आपल्यापेक्षा साडेसहा तास मागे असतं, म्हणून माजलगावात सात वाजले की तिथे दुपारचे साडेबारा. तेव्हा खोलीत हात जोडायचे. दिवा मात्र पेटवू नका. घरं लाकडाची आहेत आणि धूर झाला की खोलीतली घंटा वाजते. झोपेसाठी डोळ्यांवर बांधायची जाड पट्टी न्या, पडदे पुरत नाहीत. रोजचा उपवास सूर्यास्तानंतर सोडणाऱ्यांनी आणि नमाज पढणाऱ्यांनी आपल्या जाणत्यांना विचारून वेळा आधीच ठरवून घ्याव्यात.

कपड्यांचं थोडक्यात. सुती कपडा अंगाला लागून नको. तो घाम धरतो आणि थंड होतो. आत अंगाबरोबर बसणारे लोकरी किंवा थर्मल कपडे, त्यावर स्वेटर, सगळ्यांवर वारा न शिरणारं जाकीट. असे थर हवेत, एकच जाड कोट नको. गावात चालताना ऊन लागेल आणि स्वेटर काढाल, तासाभरानं बोटीत बसल्यावर बर्फावरून येणारा वारा कानशिलं बधिर करेल. कानटोपी, हातमोजे, गळाबंद, काळा चष्मा आणि घोट्यापर्यंत येणारे, न घसरणारे बूट घ्या. साडी बोटीवर आणि फळ्यांच्या वाटेवर त्रासाची. हिनं पंजाबी ड्रेसखाली लोकरी पायमोजे घातले आणि मजेत फिरली. मोबाइलची बॅटरी थंडीत भराभर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. आपली गोल दोन पिनांची पिन तिथे चालते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते बाहेरच्या खिशात ठेवू नये. नेहमीची औषधं दुप्पट दिवसांची न्या, चिठ्ठीसकट.

आता खाणं. गाव मासेमारीवर जगतं. हॅलिबट हा तिथला मुख्य मासा. सील, देवमासा, कस्तुरीबैल हेही तिथलं रोजचं अन्न आहे. जिथे जमिनीत काही पिकत नाही तिथे माणसं हजारो वर्षं शिकारीवर जगली. बंदरावर कुणी सील कापताना दिसला तर नाक मुरडू नका, न विचारता फोटो काढू नका. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण सोय स्वतः करावी लागते. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. गावात मोठी दुकानं आहेत, तांदूळ, पास्ता, डबाबंद कडधान्य, ब्रेड, बटाटे, कांदे मिळतात. ताजी भाजी जहाजानं किंवा विमानानं येते म्हणून महाग असते. घरून शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, धपाटे, भाजलेल्या डाळीचं पीठ, मेतकूट न्या. पण जाताना वाटेत युरोपीय संघात उतरायचं असल्यामुळे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खव्याची पोळी, तुपाचा डबा हे घरीच ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

मग बघायचं काय आणि कसं?

पहिल्या दिवशी बोट पकडू नका, चाला. गावाच्या दक्षिण टोकाला हिमखाडी केंद्राची इमारत आहे. डॉर्टे मँड्रुप या डॅनिश वास्तुरचनाकार बाईंनी ती रचली, २०२१ मध्ये ती सुरू झाली. तिच्या वळणदार छतावर चढून चालता येतं. आत तासभर घाला, म्हणजे बाहेर जे दिसणार आहे त्याची समज येते. तिथून लाकडी फळ्यांची वाट सुमारे सव्वा-दीड किलोमीटर जाते, ती थेट सेर्मेर्मिउतपर्यंत. गुडघे दुखणाऱ्यालाही ती जमते. सेर्मेर्मिउत म्हणजे आता गवत उगवलेली एक जुनी वस्ती. चार हजारांहून अधिक वर्षांत साक्काक, डोर्सेट आणि थुले अशा एकामागून एक संस्कृतींची माणसं तिथे राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शेवटची माणसं तिथून उठली.

त्या वाटेच्या टोकाला खाडीचं तोंड दिसतं, आणि तिथे हिमनग दाटीवाटीनं उभे का असतात हे समजून घ्या. खाडी आत हजार मीटरपर्यंत खोल आहे, पण तोंडाशी जुन्या हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीचा उंबरा आहे. त्यावर पाणी दोनशे-सव्वादोनशे मीटर. हिमनगाचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. मोठे हिमनग त्या उंबऱ्यावर अडकतात, वितळून किंवा फुटून लहान होईपर्यंत वाट बघतात, मागून येणाऱ्यांची रेटारेटी चालू राहते. कित्येक महिने, कधी वर्षं. १९१२ साली टायटॅनिकला धडकलेला हिमनग याच खाडीतून निघाला असावा, असं मानलं जातं.

तिथे बसा. फोटो दहा मिनिटांत काढून होतात, नंतर फोन खिशात घाला. तास-दीड तास एका खडकावर बसलात की बर्फ बोलायला लागतो. आधी बारीक तडतड ऐकू येते. हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या बर्फात दाबली गेलेली हवा वितळताना सुटते, त्याचा हा आवाज. मध्येच कुठेतरी तोफेसारखा धडाका होतो. तुम्ही त्या दिशेला बघता तेव्हा काही दिसत नाही, आवाज पोचायला वेळ लागलेला असतो. काही बर्फ पांढरा, काही गर्द निळा. ज्यातली हवा निघून गेली तो निळा दिसतो. उन्हं तिरपी झाल्यावर त्यावर तांबूस झाक येते. आम्ही सलग तीन दिवस त्याच खडकावर गेलो आणि तिन्ही दिवस समोरचं दृश्य वेगळं होतं. म्हणून चार रात्री म्हणतो.

इथे एक इशारा मनापासून देतो. खाली पाण्यापाशी उतरू नका. तिथे तशा पाट्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. मोठा हिमनग उलटला की काही मिनिटांत किनाऱ्यावर उंच लाट चढते. धरणाचे दरवाजे उघडताना आपल्याकडे भोंगा वाजतो, हिमनग भोंगा वाजवत नाही. वाळूत मुलं खेळायला सोडणं, ओल्या खडकावर सेल्फी घेणं, हे काही करू नका. पिवळ्या आणि निळ्या खुणांच्या दोन वाटाही आहेत. पिवळी गावाजवळची, निळी सगळ्यात लांब आणि खडकाळ. निळीवर दोघं असल्याशिवाय जाऊ नये.

बोट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्या, आणि दुपारची न घेता रात्रीची घ्या. जुलैत रात्री दहानंतर निघणाऱ्या दोन-अडीच तासांच्या फेरीत उन्हाचा रंग आणि शांतता दोन्ही मिळतात. नावाडी हिमनगाच्या फार जवळ जात नाहीत. ‘आणखी जवळ घ्या’ असा हट्ट कुणी धरू नये. जास्त दिवस असतील तर उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर एकी नावाची हिमनदी आहे. तिथे बर्फाची भिंत पाण्यात कोसळताना दिसते. दिवसभराचा प्रवास आहे, बोट लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच निघावं.

गाव फिरायला अर्धा दिवस पुरे. वस्ती पाच हजारांच्या आत-बाहेर, घरं लाल, निळी, पिवळी. ध्रुवप्रदेशाचा अभ्यासक क्नुद रासमुसेन १८७९ मध्ये इथे जन्मला. ज्या घरात जन्मला तिथे आता संग्रहालय आहे. समुद्राकाठी काळपट लाकडाचं जुनं झायन चर्च आहे. मोठं प्रवासी जहाज बंदराला लागलं की गल्ल्या अशा भरतात, जशी अधिकमासात पुरुषोत्तमपुरी. त्या दिवशी सकाळीच वाटेवर निघून जा. कडेला साखळीनं बांधलेली कुत्री दिसतील. ती गाडी ओढणारी, कामाची जनावरं आहेत, त्यांना हात लावू नका, खाऊ टाकू नका. देवमाशाच्या किंवा अस्वलाच्या हाडा-दातांच्या वस्तू विकत घेऊ नका, त्या देशाबाहेर नेण्यावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. ‘कुयानाक’ म्हणजे आभारी आहे. हा एक शब्द पाठ करून जा, दुकानदार बाई हसून उत्तर देतात.

सेर्मेक कुयाल्लेक झपाट्यानं मागे सरते आहे, हे हिमखाडी केंद्रात तुम्हाला नकाशावर दिसेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचं टोक चाळीस किलोमीटरहून जास्त आत गेलं आहे. २००४ मध्ये खाडी जागतिक वारसा यादीत आली, त्याच सुमारास तिची तरंगती जीभ तुटली आणि वेग वाढला. दिवसाला ४० मीटर सरकण्याइतका. उत्तरेकडच्या बर्फाचा अभ्यास आपल्याकडेही होतो. गोव्यात वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. २००८ पासून त्यांचं ‘हिमाद्री’ हे ठाणं नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर चालतं. उत्तरेकडचा बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांचं नातं तपासणं हे त्याच्या कामांपैकी एक. शाळा-कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्यांनी जाण्याआधी त्या केंद्राचं काम वाचावं, इलुलिसातचा नकाशा अधिक कळेल.

शेवटच्या रात्री आमच्या नावाड्यानं पाण्यातून जाळीनं बर्फाचा एक तुकडा काढला, काचेसारखा स्वच्छ, आणि फोडून सगळ्यांना कपात दिला. तुम्हालाही बहुतेक देईल. मागून घ्या, तोंडात धरा. समुद्रात तरंगत असला तरी तो खारट लागत नाही. हिनं तो कप दोन्ही हातांत धरून ठेवला. बाहत्तरच्या दुष्काळात आठ वर्षांची असताना ती आईबरोबर विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरत असे. बोट बंदराला लागेपर्यंत तुकडा वितळला. बाकीच्यांनी कप कडेला रिकामे केले. तिनं कपातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.